नदीला पूर आला की वीज जास्त तयार व्हायला हवी, मग हिमालयातले जलविद्युत प्रकल्प तेव्हाच बंद का ठेवावे लागतात?

जुलै-ऑगस्ट महिना. हिमाचलमध्ये धो धो पाऊस सुरू आहे, सतलज नदी दोन्ही काठ भरून वाहतेय. आता पाण्यावर वीज तयार करणाऱ्यांसाठी याहून चांगले दिवस कुठले? पाणी फुकट, पाणी भरपूर. सगळी मशीन फुल स्पीडने चालवायची आणि वीज विकायची.

पण नेमकं याच दिवसांत एक बातमी येते. ‘सतलजमध्ये गाळ वाढला, नाथपा झाकरी प्रकल्पातली वीजनिर्मिती थांबवली.’

वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, पाणी आहे, मशीन आहे, मग बंद कशासाठी? आणि गाळाचाच त्रास असेल, तर एवढ्या मोठ्या प्रकल्पाला पाणी गाळून घेता येत नाही? आपण घरात दहा-पंधरा हजारांचा फिल्टर बसवतो, यांच्याकडे तर हजारो कोटींचा प्रकल्प आहे.

गंमत म्हणजे पाणी गाळायची सोय त्यांच्याकडे आहे. जगातल्या मोठ्या सोयींपैकी एक आहे. तरीही प्रकल्प बंद ठेवायची वेळ येते. असं का होतं आणि त्यावर काय उपाय केले जातात, तेच सविस्तर बघूया.

आधी हा प्रकल्प काय आहे ते बघू

नाथपा झाकरी हा सतलज नदीवरचा १५०० मेगावॅटचा प्रकल्प. केंद्र सरकार आणि हिमाचल प्रदेश सरकार यांची भागीदारी असलेली एसजेव्हीएन ही कंपनी तो चालवते. २००३-०४ मध्ये इथली सहा मशीन एकामागून एक सुरू झाली. प्रत्येक मशीन २५० मेगावॅटचं.

किन्नौर जिल्ह्यात नाथपा नावाचं गाव आहे, तिथे सतलजवर धरण बांधलंय. धरण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर उजनी किंवा जायकवाडीसारखा अथांग जलाशय येतो. इथे तसं काही नाही. इथलं धरण नदीचं पाणी अडवून बाजूच्या बोगद्यात वळवण्यापुरतं आहे. साठा अगदी थोडा. नदी जेवढं पाणी आणेल, त्यावरच वीज तयार करायची. अशा प्रकल्पांना ‘रन ऑफ द रिव्हर’ प्रकल्प म्हणतात.

धरणातून पाणी डोंगराच्या पोटात शिरतं. तिथून २७ किलोमीटरहून जास्त लांबीच्या आणि १० मीटर व्यासाच्या बोगद्यातून ते झाकरीला पोचतं. तिथे ते सुमारे ४२८ मीटर उंचीवरून खाली येतं आणि जमिनीखालच्या वीजघरातली टर्बाइन फिरवतं. सगळी मशीन चालू असताना दर सेकंदाला ४०५ घनमीटर, म्हणजे ४ लाख ५ हजार लिटर पाणी या बोगद्यातून धावत असतं.

हा प्रकल्प पूर्ण ताकदीने एक तास चालला तर १५ लाख युनिट वीज तयार होते. महिन्याला १५० युनिट वापरणारं घर धरलं, तर ही दहा हजार घरांची महिन्याभराची वीज झाली. प्रकल्प एक तास बंद राहिला की तेवढी वीज गेली.

गाळ म्हणजे नुसती माती नाही, त्यात गारगोटी आहे

सतलज तिबेटमधून येते, शिपकी ला खिंडीजवळ भारतात शिरते आणि पुढे तिला स्पिती नदी मिळते. हा सगळा भाग थंड वाळवंटाचा. झाडं जवळपास नाहीतच, डोंगर उघडे आणि भुसभुशीत. बर्फ वितळलं किंवा जोराचा पाऊस पडला की हे डोंगर अक्षरशः नदीत उतरतात.

या गाळात चिखल असतो, बारीक रेती असते आणि त्या रेतीत भरपूर क्वार्ट्झ असतं. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. लहानपणी दोन गारगोट्या एकमेकींवर आपटून ठिणग्या काढल्या असतील, तीच.

खनिजांचा कठीणपणा मोजायची ‘मोह’ नावाची १ ते १० अशी पट्टी आहे. त्यात हिरा १० वर आणि गारगोटी ७ वर. टर्बाइन ज्या स्टेनलेस स्टीलचं बनतं, ते गारगोटीपेक्षा मऊ आहे. म्हणजे गारगोटीचा कण स्टीलवर घासला तर चरा स्टीलवर उठणार.

आता यात वेग मिळवा. ४२८ मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा सगळा जोर वेगात बदलला, तर तो वेग सेकंदाला ९० मीटरच्या पुढे जातो, म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. नाथपा झाकरीत फ्रान्सिस प्रकारचं टर्बाइन आहे, त्यात पाण्याचा सगळा जोर वेगात बदलत नाही. त्यामुळे प्रत्यक्षातला वेग यापेक्षा कमी असतो, पण तरीही तो भयंकर आहे. वर्कशॉपमध्ये लोखंडावरचा गंज काढायला वाळूचा फवारा मारतात, सँडब्लास्टिंग म्हणतात त्याला. टर्बाइनच्या आत पावसाळाभर साधारण तेच चालू असतं.

आणि झीज वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की झीज आठपट. म्हणूनच जितक्या जास्त उंचीवरून पाणी सोडाल, तितका गाळाचा त्रास जास्त.

झीज झाली की काय होतं? पाण्याला दिशा देणाऱ्या पात्यांच्या कडा खाल्ल्या जातात. फिरणाऱ्या चाकाची, म्हणजे रनरची पाती पातळ होतात. मधल्या फटी रुंदावतात आणि पाणी काम न करता तिथूनच निसटायला लागतं. तेवढंच पाणी, पण वीज कमी. पुढे दुरुस्तीचा खर्च आणि त्या काळात मशीन बंद, हे वेगळंच.

मग सरळ बारीक जाळी लावून पाणी का गाळत नाहीत?

हा सगळ्यांच्या मनात येणारा प्रश्न. उत्तर आकड्यांमध्ये आहे.

मुंबईला दिवसभरात साधारण ४०० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. नाथपा झाकरीच्या बोगद्यातून एवढं पाणी तीन तासांच्या आत निघून जातं. मुंबईचं पाणी शुद्ध करायला केवढी मोठी केंद्रं लागतात, ते आठवा. इथे दिवसभरात त्याच्या आठ-नऊपट पाणी गाळायचंय आणि तेही उभ्या कड्यांच्या दरीत, जिथे सपाट जागाच नाही.

दुसरी अडचण अशी की, जाळी जितकी बारीक, तितका पाण्याला अडथळा जास्त. अडथळा म्हणजे जोर कमी, आणि इथे जोर म्हणजेच वीज. साधा हिशेब आहे. ४२८ मीटर उंचीतून १५०० मेगावॅट मिळतात, म्हणजे एका मीटरमागे साडेतीन मेगावॅट. जाळीमुळे पाण्याने एक मीटरचा जोर गमावला, की साडेतीन मेगावॅट गेले. जाळी अर्धी तुंबली की त्याहून जास्त.

आणि तुरटी? पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे आपल्या घरोघरी माहीत आहे. इथे लिटरला फक्त २० मिलिग्रॅम तुरटी टाकायची म्हटली तरी दिवसाला सुमारे ७०० टन तुरटी लागेल. रोज. शिवाय ती सगळी पुढे नदीतच जाणार.

त्यामुळे जलविद्युत प्रकल्पात पाणी एकाच ठिकाणी स्वच्छ केलं जात नाही. कुठला कण कुठे अडवायचा हे ठरवून ते काम तीन टप्प्यांत वाटून दिलेलं असतं.

पहिला टप्पा : गजांची जाळी

बोगद्याच्या तोंडावर लोखंडी गजांची भलीमोठी जाळी असते. तिला ट्रॅश रॅक म्हणतात. तिचं काम गाळ अडवणं नाही. पुरात वाहून आलेले ओंडके, फांद्या, दगड, प्लास्टिक, मेलेली जनावरं असं काही आत जाऊ नये, यासाठी ती असते.

पण हीच जाळी कचऱ्याने तुंबली तर आत जाणारं पाणी कमी होतं. म्हणून जाळीच्या अलीकडची आणि पलीकडची पाण्याची पातळी मोजत राहतात. दोन्हींतला फरक वाढला की समजायचं, कचरा साचलाय. मग जाळीवरून दाताळं फिरवणारं यंत्र तो कचरा ओढून वर काढतं. हे काम वेळच्या वेळी झालं, एवढ्यानेही वीज वाचते.

दुसरा टप्पा : डोंगराच्या पोटातले चार हॉल

खरी कमाल इथे आहे. नाथपाला डोंगर कोरून चार डिसिल्टिंग चेंबर बनवलेत. प्रत्येक चेंबर ५२५ मीटर लांब, १६ मीटरहून थोडा जास्त रुंद आणि २७.५ मीटर खोल. म्हणजे आठ-नऊ मजली इमारत आत उभी राहील एवढी उंची आणि अर्धा किलोमीटरहून जास्त लांबी. असे चार.

यात ना जाळी आहे ना कापड. इथली युक्ती एकच, पाण्याला हळू करायचं.

पुढच्या बोगद्यात पाणी सेकंदाला ५ मीटर वेगाने धावतं. चेंबरची रुंदी-खोली प्रचंड असल्यामुळे तेच पाणी इथे सेकंदाला २५-३० सेंटीमीटर इतकं मंद होतं. पाणी संथ झालं की त्यातली रेती आपोआप खाली बसायला लागते. पेल्यात गढूळ पाणी ठेवलं की थोड्या वेळाने तळाशी माती बसते, अगदी तसंच.

ढोबळ हिशेब करून बघू. या वेगाने ५२५ मीटर जायला पाण्याला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. ०.२ मिलिमीटरचा रेतीचा कण, म्हणजे बारीक रव्याएवढा, पाण्यात सेकंदाला साधारण २ सेंटीमीटर वेगाने खाली जातो. अर्ध्या तासात तो ३५ मीटर खाली जाईल. चेंबर २७.५ मीटर खोल आहे. म्हणजे अगदी वरून निघालेला कणही दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत तळाला टेकणार.

चेंबरचा तळ नरसाळ्यासारखा उतरता असतो. तिथे साचलेला गाळ छिद्रांमधून खालच्या फ्लशिंग बोगद्यात जातो आणि थोड्या पाण्याबरोबर परत नदीत सोडला जातो. म्हणजे गाळ साफ करायला काही पाणी खर्ची घालावंच लागतं. तेवढं पाणी वीज न बनवता निघून जातं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण ०.२ मिलिमीटरच्या खाली आहे. हे चेंबर ०.२ मिलिमीटर आणि त्याहून मोठे कण काढण्यासाठी बनवलेत. ०.१ मिलिमीटरचा कण सेकंदाला जेमतेम पाऊण सेंटीमीटर खाली जातो. अर्ध्या तासात झाले १३-१४ मीटर. म्हणजे यातले अर्धे कण खाली बसतात, अर्धे पुढे निघून जातात. ०.०५ मिलिमीटरचा, मैद्यासारखा कण तर सेकंदाला फक्त दोन मिलिमीटर उतरतो. तो बहुतेक पुढेच जातो.

०.१ मिलिमीटरचे सगळे कण बसवायचे तर प्रत्येक चेंबर किलोमीटरभर लांब करावा लागेल. ०.०५ चे बसवायचे तर आणखी कितीतरी लांब. डोंगर कोरायचा खर्च आणि वेळ तेवढ्या पटीत वाढणार. कुठेतरी थांबावंच लागतं. डिझाइन करणाऱ्यांनी ती रेघ ०.२ वर ओढली.

पण गारगोटीचा कण ०.१ मिलिमीटरचा असला तरी तो गारगोटीच असतो. तो स्टीलला घासतोच. नाथपा झाकरीत सुरुवातीच्या पावसाळ्यांतच टर्बाइनच्या भागांची मोठी झीज झाली. मोठमोठे चेंबर असूनसुद्धा.

आपल्या कोयनेत असं का ऐकू येत नाही?

कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा, म्हणजे नाथपा झाकरीपेक्षाही मोठा. पण गाळ वाढला म्हणून कोयना बंद, अशी बातमी आपल्या कानावर येत नाही. याची दोन कारणं आहेत.

एक म्हणजे शिवसागर जलाशय. १०५ टीएमसीचा हा तलाव म्हणजे निसर्गाच्या जोरावर चालणारा महाकाय डिसिल्टिंग चेंबर आहे. नाथपात पाणी अर्धा तास संथ होतं, शिवसागरात ते महिनोन्‌महिने थांबतं. त्यामुळे गाळाचा मोठा भाग तलावातच बसतो.

दुसरं कारण दगडाचं. सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा आहे आणि बेसॉल्टमध्ये गारगोटीचं प्रमाण नगण्य असतं. हिमालयातल्या नाइस, ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइट अशा खडकांमध्ये ती ठासून भरलेली असते. म्हणजे दोन्हीकडे पाणी सारखंच गढूळ दिसलं, तरी त्यातली रेती टर्बाइनला सारखीच लागत नाही.

अर्थात मोठ्या तलावाचीही किंमत असते. गावं आणि जमिनी पाण्याखाली जातात. कोयनेचे धरणग्रस्त हे महाराष्ट्राला सांगायला नको. शिवाय बसलेला गाळ हळूहळू तलावाचीच जागा खातो.

तिसरा टप्पा : मशीनला थंड ठेवणारं पाणी

टर्बाइनमधलं पाणी सगळ्यांना माहीत असतं, पण प्रकल्पात आणखी एक पाणी फिरत असतं. प्रमाण खूप कमी, पण त्याच्याशिवाय मशीन चालत नाही. ते म्हणजे कूलिंग वॉटर.

२५० मेगावॅटचा जनरेटर कितीही चांगला असला तरी थोडी ऊर्जा उष्णतेत जातेच. दीड टक्का धरली तरी पावणेचार मेगावॅट होते. म्हणजे दोन किलोवॅटचे जवळपास १९०० गीझर एका मशीनमध्ये सतत चालू असल्यासारखं. ही उष्णता बाहेर काढायला कूलर असतात आणि त्यांच्या नळ्यांमधून पाणी फिरतं. बेअरिंगचं तेलही असंच थंड करतात. शिवाय फिरणाऱ्या दांड्याच्या सीलला स्वच्छ पाणी लागतं.

हे पाणी बऱ्याच ठिकाणी त्याच नदीच्या पाण्यातून घेतलं जातं. त्यातला गाळ कूलरच्या बारीक नळ्यांमध्ये बसला की उष्णता बाहेर जात नाही. बेअरिंग तापतं आणि ठरलेल्या तापमानाच्या वर गेलं की मशीन स्वतःहून बंद पडतं. म्हणजे टर्बाइन ठणठणीत, पण एका नळीतल्या चिखलामुळे २५० मेगावॅट ठप्प.

पाणी कमी असल्यामुळे इथे खरोखरचा फिल्टर लावणं परवडतं. सुधारणेला सगळ्यात जास्त वावही इथेच असतो. त्यात मुख्य उपाय असे :

जोडीचे स्ट्रेनर : पाइपमध्ये जाळीच्या दोन टोपल्या शेजारी-शेजारी. एक चालू असताना दुसरी काढून धुवायची. जुनी आणि साधी पद्धत. पण पुराच्या दिवसांत टोपल्या इतक्या पटापट तुंबतात, की एक माणूस तेवढ्याच कामाला लागतो.

स्वतःला धुणारे फिल्टर : जाळीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजत राहायचा. फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की फिल्टर उलट्या बाजूने पाणी मारून स्वतःला साफ करतो. मशीन थांबवावं लागत नाही.

हायड्रोसायक्लोन : एसटी घाटात वळण घेते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो ना, तेच तत्त्व. शंकूच्या आकाराच्या भांड्यात पाणी जोरात गोल फिरवायचं. जड रेती भिंतीकडे फेकली जाते आणि घसरत खाली जाते, स्वच्छ पाणी मधून वर निघतं. यात जाळीच नाही, त्यामुळे तुंबायचा प्रश्न कमी.

बंद चक्र : हा सगळ्यात पक्का उपाय. गाडीच्या रेडिएटरसारखं तेच स्वच्छ पाणी मशीनमध्ये पुन्हा पुन्हा फिरवायचं. नदीच्या पाण्याचा संबंध फक्त एका हीट एक्स्चेंजरपुरता ठेवायचा. गाळ साचला तर तिथेच साचेल आणि तेवढाच भाग धुवावा लागेल. जनरेटरच्या कूलरपर्यंत चिखल पोचतच नाही. सुरुवातीचा खर्च जास्त आहे, पण गाळाच्या नद्यांवर तो करण्यासारखा आहे.

जे अडवता येत नाही, ते सोसण्याची तयारी

आता ०.२ मिलिमीटरच्या खालच्या गारगोटीचं काय? ती चेंबरमधून पुढे जाणारच, हे धरून चालावं लागतं. म्हणून टर्बाइनच्या भागांवर टंगस्टन कार्बाइडचा थर दिला जातो. त्याची भुकटी तापवून अतिशय वेगाने धातूवर फवारतात, या पद्धतीला एचव्हीओएफ कोटिंग म्हणतात. थर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, पण गारगोटीपेक्षा कठीण. झाकरीत ही पद्धत वापरली जाते. झीज थांबत नाही, पण कमी होते.

जोडीला सुट्या रनरचा साठा ठेवतात. हिवाळ्यात नदीचं पाणी घटतं, तेव्हा एकेक मशीन उघडून झिजलेला रनर काढायचा आणि दुरुस्त केलेला बसवायचा. काढलेल्याची डागडुजी करून तो पुढच्या वर्षासाठी ठेवायचा.

आणखी एक हुशारीचा भाग म्हणजे रामपूर प्रकल्प. ४१२ मेगावॅटचा हा प्रकल्प नाथपा झाकरीच्या खाली आहे. तो नदीतून वेगळं पाणी घेत नाही. झाकरीच्या टर्बाइनमधून बाहेर पडलेलं, एकदा गाळ काढलेलं पाणीच थेट आपल्या बोगद्यात घेतो. म्हणजे एकाच डिसिल्टिंगवर दोन प्रकल्प. याची दुसरी बाजू अशी, की वरचा बंद पडला की खालच्यालाही थांबावं लागतं.

बंद करायचं कधी, हे कसं ठरतं?

एवढं सगळं करूनही एक आकडा असा येतो, जिथे हात जोडावे लागतात. नाथपा झाकरीसाठी तो आकडा ५००० पीपीएम आहे. म्हणजे एका लिटर पाण्यात साधारण ५ ग्रॅम गाळ. एक चमचाभर.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण दर सेकंदाला ४ लाख ५ हजार लिटर पाणी आहे हे लक्षात घ्या. गुणाकार केला की सेकंदाला दोन टन गाळ होतो. दर पाच सेकंदांनी दहा टनांचा एक डंपर प्रकल्पाच्या तोंडात रिकामा करायचा, असं ते आहे. नदी याच्याही पलीकडे गेली तर चेंबरमधून गाळ बाहेर काढण्याचा वेग कमी पडतो. गाळ चेंबरमध्ये साचत गेला की पाण्याला जागा कमी उरते, वेग वाढतो आणि मोठे कणही बसायच्या आत पुढे जायला लागतात. मग तासाभराच्या विजेसाठी अख्ख्या वर्षाची झीज ओढवून घ्यायची का, असा प्रश्न उरतो. उत्तर ‘नाही’ असतं. दरवाजे बंद करायचे, नदीला तिच्या वाटेने जाऊ द्यायचं आणि आकडा खाली यायची वाट बघायची.

२००५ चं उदाहरण बघा. तिबेटमध्ये पारेछू नावाच्या नदीत दरड कोसळून तलाव तयार झाला होता. २६ जून २००५ ला तो फुटला आणि ते सगळं पाणी सतलजमध्ये आलं. नाथपा झाकरी बंद ठेवावा लागला. अशा लोंढ्यापुढे कुठलाच चेंबर आणि कुठलाच फिल्टर पुरा पडत नाही.

म्हणून सुधारणेचा एक मोठा भाग फिल्टरच्या बाहेर आहे, तो म्हणजे मोजमाप. पूर्वापार पद्धत अशी की, ठरावीक वेळाने पाण्याचा नमुना घ्यायचा, गाळून-वाळवून वजन करायचं. पण निकाल हातात येईपर्यंत गाळ आत शिरलेला असतो. आता पाण्यात प्रकाश टाकून गढूळपणा सतत मोजणारी सेन्सर उपलब्ध आहेत. लेसरने कणांचा आकार सांगणारी उपकरणंही आहेत. ती नदीच्या वरच्या अंगाला बसवली तर लोंढा पोचायच्या आधी निरोप मिळतो. आधी कळलं तर दरवाजे वेळेत बंद होतात, ग्रिडवाल्यांना दुसरीकडून विजेची सोय करायला वेळ मिळतो आणि लोंढा ओसरल्या ओसरल्या प्रकल्प लवकर सुरू करता येतो. म्हणजे नीट मोजलं तर मशीनही वाचते आणि बंद राहायचे तासही कमी होतात.

आणि त्या गाळाचं पुढे काय होतं?

चेंबरमधून काढलेला गाळ नदीतच जातो. तसं बघायला गेलं तर तो नदीचाच होता. पण पूर असताना भरपूर पाण्याबरोबर गाळ सोडणं वेगळं आणि पाणी कमी असताना एकदम घट्ट चिखल सोडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात माशांचे कल्ले भरतात, खालच्या गावांच्या पाणी योजना गढूळ होतात. शिवाय धरणाचे दरवाजे उघडले की नदीपात्रात पाणी अचानक वाढतं. म्हणून भोंगा वाजवणं आणि आधी सूचना देणं हा या कामाचाच भाग धरला पाहिजे.

सतलजवर एकाखाली एक प्रकल्प आहेत. नाथपाच्या वर करछम वांगतू आहे. वरच्याने धरणातला गाळ धुवून सोडला की तो खालच्याच्या दारात येतो. त्यामुळे एकाने आपलं धरण साफ करायचं आणि दुसऱ्याने आपली टर्बाइन झिजवायची, हे टाळायचं तर वेळापत्रक एकत्रच ठरवावं लागतं. यासाठी कुठलं यंत्र लागत नाही, एकमेकांना वेळेवर फोन करावा लागतो.

तर पुढच्या पावसाळ्यात ‘नदीला पूर, वीजनिर्मिती बंद’ अशी बातमी दिसली तर ती गलथान कारभाराची असेलच असं नाही. कुणीतरी लिटरमागे चमचाभर गाळ मोजलेला असतो आणि आजची काही लाख युनिट वीज सोडून पुढच्या वर्षभराची टर्बाइन वाचवायचं ठरवलेलं असतं. विचारायचंच झालं तर असं विचारा, की गाळ येतोय हे त्यांना किती तास आधी कळलं होतं?